पानाच्या टोकापर्यंत

पाऊस थांबलेला असतो, पण कपडे वाळत नाहीत, असे काही दिवस श्रावणाच्या आगेमागे येतात. दोरीवरचा टॉवेल सकाळी कालच्याइतकाच गार लागतो. मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसतो. मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, तिथली जुनी पुस्तकं या दिवसांत किंचित फुगतात आणि शेल्फातून एक ओढलं की शेजारचं त्याला धरून ठेवतं. नाहूरच्या आमच्या घराच्या खिडकीतून लांबचे डोंगर दिसतात, तेही या दिवसांत ओल्या पाटीवर खडूनं काढल्यासारखे पुसट होतात. पाऊस पडत असताना निदान आवाज तरी असतो. हे दिवस मुके असतात. हवा असते, पण तिला हलायला जागा नसते.

यंदा ते दिवस परत आले. आणि मला जाणवलं की सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, मी पानांची टोकं बघायला जाते.

टोकं म्हणजे बेसिलची. आमच्या हॉलला लागून असलेली बाल्कनी बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही आत घेतली, तिथे पांढऱ्या पाइपांचा चार मजली स्टँड उभा आहे. पाइपांना भोकं आहेत, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत रोपं. माती कुठेच नाही. खाली एक निळा ड्रम आहे, त्यातलं पाणी छोट्या पंपानं वर चढतं, पाइपांतून मुळांना भिजवत खाली येतं आणि पुन्हा ड्रमात पडतं. त्या पाण्यातच रोपांचं सगळं जेवण विरघळवलेलं असतं. हा संसार शलाकाचा. शलाका म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, नंदूची बायको. तिची नोकरी सुटली तेव्हा ती दोन महिने गप्प गप्प होती. मग ओळखीच्या एका बाईंकडे जाऊन हे शिकून आली आणि बघता बघता पवईतल्या एका कॅफेच्या किचनला तिचं बेसिल, पार्सली, पुदिना जायला लागलं. ओल्या कागदात गुंडाळलेल्या जुड्या घेऊन ती निघायची तेव्हा तिच्या मागे जिन्यात वास रेंगाळायचा. ती नोकरीवर असताना मी तिला कधी एवढं ताठ चालताना पाहिलं नव्हतं.

आईला हा प्रकार मान्य नव्हता. आई लग्न होऊन मालवणकडून मुंबईत आली त्याला अर्धशतक उलटलं, पण बोलणं तिनं बदललं नाही. आम्ही मुंबईची मराठी बोलतो, ती तिची मालवणी. "माती नाय, शेण नाय, नळीतसून वाढता तां काय झाड?" असं ती म्हणायची. बेसिल ही तुळशीची लांबची बहीण आहे हे कळल्यावर तर प्रश्नच मिटला. "तुळस ती! आणि पिझ्यार घालतत? देव कोपतलो."

"आई, देवानं अजून चाखलं नाही म्हणून," नंदू म्हणायचा. तो त्या स्टँडला 'शलाकाचं आयसीयू' म्हणायचा, नळ्या आणि दिवे बघून. मागच्या वर्षी आषाढात बाबांना खरोखरच त्या तसल्या खोलीत ठेवावं लागलं आणि ते घरी परत आले नाहीत. तेव्हापासून हा विनोद आमच्या घरातून गेला.

बाबा आणि तो स्टँड, याबद्दल थोडं सांगायला हवं. बाबांना रोपांतलं काही कळत नव्हतं. बेसिलला ते 'बसील' म्हणायचे आणि कोणी हसलं तर 'उठील' असं पुढे जोडायचे. पण त्यांची खुर्ची स्टँडच्या पुढ्यात होती. कारण साधं होतं. घरात तिथे उजेड सगळ्यांत चांगला, पेपर वाचायला बरा. सकाळी उठले की ते आधी टेबलफॅन लावायचे. जुना, जाळी सैल झालेला पंखा होता. फिरताना टक टक करायचा. वर सीलिंग फॅन चालू असला तरी त्यांना हा हवाच. थंडीतसुद्धा. अंगावर शाल आणि समोर पंखा, असे ते बसलेले असायचे.

"वारो खाईत बसलेत बघ," आई स्वयंपाकघरातून ओरडायची. "सर्दी झाली म्हणजे माका सांगू नकात."

बाबांची उमेदीची वर्षं गिरणीत, सूत कातायच्या खात्यात गेली. तिथे धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत. खिडक्या बंद, आणि वरून पाण्याचा बारीक फवारा. लहानपणी मी त्यांना एकदा विचारलं होतं, गिरणीत काय होतं. यंत्रांबद्दल काहीतरी सांगतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "वारा नव्हता." पुढे गिरणी बंद पडली, त्यांनी एका शाळेत शिपायाची नोकरी धरली, मुलुंडची भाड्याची खोली सोडून हे घर झालं. पण वाऱ्याची भूक काही भागली नाही. बसमध्ये खिडकी, लग्नात पंख्याखालची खुर्ची, देवळात दाराजवळची जागा. कुठेही गेलो की आधी ते वारा शोधत, मग माणसं.

आषाढातल्या त्या दुपारी त्यांचा देह घरी आणला आणि हॉलमध्ये ठेवला. नेल्यावर, जिथे त्यांचं डोकं होतं तिथे आईनं पीठ पसरून दिवा लावला. आमच्याकडे हा दिवा तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नसतो. पहिल्याच संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत कोणीतरी सीलिंग फॅनचं बटण दाबलं, ज्योत आडवी झाली, आणि आई एवढ्या जोरात ओरडली की भेटायला आलेल्या सगळ्या बायका गप्प झाल्या.

"पंखो लावू नको कोणी! दिवो विझतलो!"

नंदूनं बटणावर चिकटपट्टी लावली. बाल्कनीच्या सरकत्या काचा बंद केल्या, कारण तिथूनही झोत यायचा. टेबलफॅन माळ्यावर गेला. माणसांनी हॉलमध्ये पुठ्ठ्यांनी वारा घेत बसायचं, दिव्याकडे पाठ करून. मृत्यू झालेल्या घरी हे असंच असतं. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

तेरावं झालं. दिवा शांत करायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "ऱ्हवांदे. म्हाळापर्यंत ऱ्हवांदे." म्हाळ म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. ते भाद्रपदात, अजून कितीतरी लांब. नंदूनं माझ्याकडे पाहिलं, मी शलाकाकडे. ज्या बाईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, ती तेल आणि वात मागत होती. आम्ही दिवा ठेवला. आई त्याच्याजवळ चटई टाकून बसायला लागली. दुपारी तिथेच लवंडायची. वातीवरची काजळी काडीनं झाडायची, तेल घालायची, पुन्हा बसायची.

आणि ते मुके दिवस सुरू झाले.

पहिलं तपकिरी टोक शलाकालाच दिसलं. बेसिलच्या शेंड्यातलं, नुकतं उलगडणारं पान. त्याचं टोक उदबत्ती टेकवल्यासारखं जळलेलं. दुसऱ्या रोपावर तसंच. मग पार्सलीवर. पानं कडेनं आत वळायला लागली, उलट्या वाटीसारखी. तिनं मला हाक मारली, "ताई, हे बघ ना जरा. हे काय झालंय?"

मी चष्मा लावून पाहिलं. मला काय कळणार? मी पुस्तकांना लागलेली कसर ओळखू शकते.

"भूक असेल," शलाका म्हणाली. "या सगळ्या गडबडीत मी खत कमी घातलं असणार." तिनं पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवून विरघळलेल्या खताचा आकडा पाहिला आणि खताच्या दोन्ही बाटल्यांतून थोडं थोडं अधिक ओतलं. आठवडाभरानं टोकं आणखी काळी झाली. मग तिला वाटलं कॅल्शियम कमी पडतंय, तिनं तेही आणून घातलं. मग वाटलं स्टँडवरच्या दिव्यांची उष्णता लागते, तिनं ट्यूब वर बांधल्या. मग बुरशीची शंका आली, कडुनिंबाचं तेल फवारलं. हॉलमध्ये कडुनिंबाचा आणि तिळाच्या तेलाचा मिळून एक वास कोंडला. त्या ऋतूचा म्हणून आजही मला तोच वास आठवतो.

रोज ती जळकी पानं खुडायची आणि ताटलीत ठेवायची. ताटली भरायची.

"यार शलाका, वाट लागली आहे त्याची," नंदू एकदा म्हणाला. "थोडे दिवस बंद ठेव ना. नंतर बघू."

"नंतर कधी?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "एकदा बंद केलं की कॅफेवाले दुसऱ्याकडून घेणार. मग मी परत दोन महिने भिंतीकडे बघत बसू?"

पवईच्या शेफचा फोन त्याच सुमाराला आला. ती कणीक मळत होती म्हणून तिनं स्पीकर लावला. माणूस चांगला होता, लाजत बोलत होता. "मॅडम, आपके घर में जो हुआ, मुझे मालूम है. इसलिए दो बार चुपचाप ले लिया. लेकिन टिप काला है ना, प्लेट पे नहीं रख सकता. गणपती तक देखता हूँ, ठीक है?"

"ठीक है," शलाका म्हणाली, आणि पिठाच्या हातानंच फोन बंद केला. स्क्रीनवर दोन बोटं उमटली.

आईचं रोगनिदान वेगळं होतं. दिव्याजवळ बसल्या बसल्या ती स्टँडकडे बघायची आणि म्हणायची, "झुरतत ती. समोर बसणारो माणूस गेलो. झाडांका काय कळना नाय?"

मी आईचं ऐकून मान हलवायची आणि ग्रंथालयात जाऊन वाचायची. शेतीचं आमच्याकडे फारसं काही नाही. जे होतं ते वाचलं, बाकी इंटरनेटवर शोधलं. वाचणं हेच मला येतं. शोक करायलाही मी वाचतेच, असं माझ्या लक्षात आलं. इतर लोक रडतात किंवा फोटो काढून बघत बसतात. मी दुपारच्या रिकाम्या वाचनकक्षात पानांच्या रोगांवरचे लेख वाचत होते, आणि त्या वेळात बाबा गेलेले नसायचे, एवढं खरं.

एका लेखात एक गोष्ट सापडली. आधी बघा, म्हटलं होतं, जळलंय ते जुनं पान की नवं. जुन्या पानांची टोकं जळत असतील तर पाण्यात खत जास्त झालंय. नवी, आतली पानं जळत असतील तर कॅल्शियम त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये. पुढचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कॅल्शियम एकदा एका पानात जाऊन बसलं की तिथून हलत नाही. जुनं पान आपल्यातलं काढून नव्याला देऊ शकत नाही. नव्या पानाला ते मुळापासून, पाण्याबरोबरच यावं लागतं.

संध्याकाळी घरी येऊन मी स्टँडसमोर वाकले. खालची जुनी पानं रुंद होती, गडद हिरवी, टोकापर्यंत धड. ती बाबा असताना आलेली होती. जळली होती ती सगळी नंतरची.

"पण कॅल्शियम तर आहे गं पाण्यात," शलाका म्हणाली. "मी वरून अजून घातलंय. किती घालू?"

या 'किती घालू'चा आवाज मला ओळखीचा होता. आमच्या घरात त्या महिन्यात सगळेच हे विचारत होते. आई जेवत नव्हती. शेजारच्या बायका डबे आणत. नंदू येताना सोलकढी आणायचा, मी मऊ भात करायची, डॉक्टरांनी टॉनिकच्या बाटल्या दिल्या. ताटात दोन घास राहिले की आम्ही तिसरा वाढायचो. "माका नको गो," ती म्हणायची. "खाल्लेला खंय जाता तांच कळना नाय." तिचा चेहरा आक्रसत चालला होता, आणि कोणी कोमेजताना दिसलं की आपण वाढत राहतो. वाढणं आपल्याला करता येतं ना.

मग ती दुपार आली. रविवार होता. मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं, सवयीनं एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबलं. त्या पंख्याखाली, खिडकीच्या कठड्यावर, कॉफीच्या जुन्या बाटलीत बेसिलचं एक रोप असतं. बाबांनीच ठेवलेलं. स्टँडमध्ये भोकं संपली होती आणि एक रोप उरलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "ह्याला जागा नाही म्हणजे काय? इथे बस रे बसील." त्या बाटलीत मी ड्रममधलंच पाणी मगानं आणून घालत असे. स्टँडच्याच बरोबरीचं रोप, तेच पाणी, तेच खत.

पंख्यानं त्याची पानं थरथरत होती. शेंड्याला दोन नवी पानं होती, चिमणीच्या चोचीएवढी. हिरवी. टोकापर्यंत हिरवी.

मी गॅस बंद केला. "शलाका," मी हाक मारली. "इकडे ये जरा."

ती आली. रोप हातात घेऊन फिरवून पाहिलं. पान उलटं करून पाहिलं. "ह्याला काही नाही झालेलं," ती हळू म्हणाली. "इथे तर उजेड पण कमी आहे. उलट गरम होतं इथे. मग?"

मग आम्ही दोघींनी एकदमच वर पाहिलं, फिरणाऱ्या पंख्याकडे.

तिच्या शिकण्यातलं काहीतरी तिला आठवलं असावं. ती माझ्याशी नाही, स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, "पानातून पाणी उडतं ना, म्हणून खालून वर ओढलं जातं. हवा ओली आणि बंद असली की उडतच नाही. वर चढतच नाही काही. पाण्यात कितीही ओता, ते खालीच." थोडं थांबून म्हणाली, "आणि मी ओततच राहिले."

स्वयंपाकघराच्या दारातून हॉल दिसतो. आई चटईवर भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले. शेजारी दिवा. ज्योत इतकी सरळ उभी होती की चित्रातली वाटावी. मी पाहत राहिले. एवढा वेळ पाहिलं, पण ती एकदाही हलली नाही. हवा किती थांबली आहे हे मोजायला आणखी कुठलं यंत्र लागलं नसतं. ते आमच्यासमोर इतके दिवस जळत होतं.

बाबांनी ती रोपं जगवली असं मी म्हणणार नाही. त्यांना ते ठाऊकही नव्हतं. त्यांना वारा हवा होता, रोपं त्यांच्या पाठीमागे होती, एवढंच. त्यांच्या खांद्यावरून जो वारा पुढे जायचा तो पानांना मिळायचा. आणि त्यांच्यासाठी लावलेल्या दिव्यापायी आम्ही घरातला नेमका त्यांचाच वारा बंद केला होता.

शलाकानं रोप जागेवर ठेवलं. "ताई, आईंना नको सांगूस."

"अगं पण—"

"नको. त्यांच्याकडे तेवढंच आहे आत्ता. माझं काय, पानं आहेत. मी उद्या शेफला सांगते, दुसरीकडे बघा म्हणून. म्हाळ झाल्यावर परत लावीन मी सगळं." आणि मग जराशानं, चेहरा सिंककडे वळवून, "त्यांनी घेतलं परत तर घेतलं."

मला सुचत होते ते उपाय मी मनात एकेक करून पाहिले. दिवा आतल्या खोलीत नेता येत नव्हता. जागा तीच हवी. स्टँड हलवायचा तर पाइप सोडवावे लागणार आणि आतल्या खोल्यांत त्याला उभं राहायला भिंतच नव्हती. दिव्यावर काच ठेवायचं सुचवता आलं असतं, पण सुचवायचं म्हणजे कारण सांगायचं. तुझ्या दिव्यामुळे हिची पानं जळतायत, हे नवरा गेलेल्या बाईला कुठल्या शब्दांत सांगायचं? इतकी पुस्तकं वाचूनही मला तसं वाक्य बनवता आलं नाही.

"काय गो कुजबुजतास दोघी?"

आईचे डोळे मिटलेले नव्हतेच म्हणायचे. किंवा मिटलेले असले तरी कान उघडे होते.

"काही नाही आई, चहा," मी म्हणाले.

"चाय कुजबुजान करतत?" ती उठून बसली. "मी म्हातारी झालंय म्हणान माका समजना नाय? हयसर या."

आम्ही जाऊन उभ्या राहिलो. शाळेत उभं केल्यासारख्या. शलाकानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मीच बोलले. लांबण लावली नाही. पानांना वारा लागतो, तो बंद आहे, म्हणून नवी पानं जळतायत. झुरतायत असं नाही. बाबांच्या पंख्याचा वारा त्यांना मिळत होता. दिवा मात्र राहू दे, शलाकाचंही तेच म्हणणं आहे.

आई दिव्याकडे बघत नव्हती. बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

"गिरणीतसून इले की गॅलरीत जाऊन उभे ऱ्हवायचे," ती म्हणाली. "जेवूक बोलावलंय तरी येयत नसत. म्हणत, थांब, आधी वारो खातंय." मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "आणि मी तेंच्या नावान सगळा घर गिरणी करून ठेवलंय."

आतल्या खोलीत नंदू झोपला होता. तिनं हाक मारली. "नंदू! ऊठ. तो पंखो काढ माळ्यावरसून."

नंदू डोळे चोळत आला. "कुठला पंखा? आई, अगं दिवा—"

"दिव्याचा मी बघतंय. तू पंखो काढ."

पंख्यावर धूळ बसली होती. शलाकानं पुसला, स्टुलावर ठेवला, वायर लावली. बटण दाबायला कोणी पुढे होईना. शेवटी आईनंच दाबलं. पाती फिरली, आणि जाळी वाजायला लागली. टक टक, टक टक. आवाज घरातून गेला आहे हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो परत आल्यावर कळलं. नंदू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शलाकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

स्टँडवरची पानं हलली. आधी वरच्या मजल्यावरची, मग खालची, आणि मग सगळीच. कोपऱ्यातली ज्योत वाकली, निळी झाली, आता गेली असं वाटलं.

आईनं बाबांची खुर्ची ओढली. आवाज करत, फरशीवरून, एका हातानं. पंखा आणि दिवा यांच्या मध्ये ती ठेवली आणि पंख्याकडे तोंड करून बसली. तिच्या पाठीमागे ज्योत सावरली, थरथरत का होईना, उभी राहिली. वारा आईच्या अंगावर येत होता आणि दोन्ही बाजूंनी पानांकडे जात होता. तिचे पांढरे केस कपाळावर उडत होते. आषाढापासून ती जमिनीवर बसत होती. पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

"चाय करीत होतंस ना?" ती मला म्हणाली. "मगे? आण की. आणि कायतरी खावक दी."

जळलेलं टोक परत हिरवं होत नाही, हेही मी त्या लेखात वाचलं होतं. ते पान तसंच राहतं, वाढतं, टोकाला तपकिरी डाग घेऊन. फक्त पुढची पानं नीट येतात. शलाकानं ड्रममधलं जादा खताचं पाणी ओतून दिलं, ताजं भरलं, थोडंच खत घातलं. आई रोज सकाळी खुर्चीत बसायला लागली. वाऱ्यात दिव्याला तेल जास्त लागायचं, कधी तो विझायचा, ती पुन्हा लावायची. आता ओरडायची नाही. गणपतीच्या थोडं आधी शलाका ओल्या कागदात जुड्या गुंडाळून पवईला गेली. परत आली ती जिन्यातूनच आईला सांगत. "आई, घेतलं! काही बोलले नाहीत. नुसता वास घेतला आणि हसले."

"पिझ्यार घालूकच ना?" आई म्हणाली. पण पूर्वीसारखं नाही.

म्हाळाच्या काही दिवस आधी एका सकाळी मी उठले तेव्हा दिवा ओट्यावर होता, चिंचेनं घासलेला, इतर भांड्यांबरोबर पालथा घातलेला. कोपऱ्यातली जागा पुसून घेतलेली होती. आईनं कोणाला काही सांगितलं नाही. पंखा चालू होता.

बाबांची आठवण मला ज्या ठिकाणी यावी असं वाटतं, तिथे ती क्वचित येते. फोटोसमोर नाही, वर्षश्राद्धाला नाही. ती येते कुठल्याही बंद खोलीचं दार उघडताना, बसची खिडकी सरकवताना. काही माणसं आपल्याला काही देतात असं वाटत नाही. ती नुसती एका जागी बसलेली असतात, स्वतःसाठी. त्यांच्या खांद्यावरून काय येत होतं ते खूप नंतर, काहीतरी कडेकडेनं सुकायला लागल्यावर कळतं. ते दुसऱ्या कुठल्या साठ्यातून काढून देता येत नाही, हे मला आता मान्य झालंय. पुढे येणाऱ्या पानांपुरता वारा चालू ठेवता येतो, तेवढा आम्ही ठेवतो.

यंदाचे मुके दिवस आज सकाळी आणखी दाटले होते. डोंगर दिसतच नव्हते. मी उठून आले तर आई खुर्चीत बसलेली, अंगावर बाबांची शाल, समोर पंखा. टक टक, टक टक. कामावर निघालेला नंदू बूट घालत होता.

"काय आई, आज फर्स्ट शिफ्ट का?"

"तुझ्यासारखी उशिरा जायत नाय मी कामाक," आई म्हणाली.

तो हसत गेला. शलाका ड्रममध्ये पाणी भरत होती. मी आईजवळ उभी राहिले. तिचे हात गार पडले होते, ते तिनं शालीत ओढून घेतले होते, आणि नाक लाल झालं होतं.

"थंडी वाजते तर बंद करू का गं थोडा वेळ?"

"नको," ती म्हणाली. शालीतून एक बोट बाहेर काढून तिनं स्टँडच्या वरच्या मजल्याकडे दाखवलं. "थंयसर बघ. नवा पान सुटताहा."

मी चष्मा लावला आणि वाकले. दोन मोठ्या पानांच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी उलगडत होतं. वाऱ्यानं ते सारखं हलत होतं, त्यामुळे नीट दिसेना. मी बोटानं देठ हलकेच धरलं आणि टोक पाहिलं. हिरवं. टोकापर्यंत हिरवं.